खटकते ते नेमके काय? : अपरिचित ध्वनी, वादग्रस्त गीते आणि स्वतंत्र मराठी संगीत

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

१. एखादे गीत ‘खटकते’ तेव्हा आक्षेप नाद, बोली आणि अर्थ यांपैकी कोणत्या स्तरावर आहे, हे ओळखता येईल.
२. ध्वनीची प्रतिष्ठा ध्वनीत नसून समाजाच्या संकेतांत असते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
३. अभिधा, लक्षणा व व्यंजना या संकल्पना समकालीन गीतांना लावून पाहता येतील.
४. स्वतंत्र संगीतामुळे गीतावरील नियंत्रणाच्या पद्धतीत कोणता बदल झाला, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, मागील घटकात आपण प्रमाणभाषा आणि बोली यांचा परस्परसंबंध पाहिला. त्या विवेचनाचा उपयोग करून या घटकात आपण एका जिवंत विषयाकडे वळणार आहोत. अलीकडे मराठीत रॅप, हाउस यांसारख्या प्रकारांतील गाणी मोठ्या संख्येने येत आहेत. ती रचणारे तरुण बहुधा कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयाने काम करीत नाहीत. स्वतःच लिहितात, घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करतात आणि स्वतःच प्रसिद्ध करतात. या गीतांबद्दल तीन प्रकारची मते ऐकू येतात. ‘हे संगीतच नव्हे’, ‘ही कसली भाषा?’ आणि ‘असे बोलणे योग्य नव्हे’. ही तिन्ही मते एकाच नापसंतीची रूपे वाटतात. परंतु भाषेच्या अभ्यासकाने ती वेगवेगळी करून पाहिली पाहिजेत. पहिल्या मताचा रोख नादावर आहे, दुसऱ्याचा बोलीवर आणि तिसऱ्याचा अर्थावर.

या घटकाचे मुख्य प्रतिपादन असे आहे : गीतावरील आक्षेप पुष्कळदा एका स्तराच्या नावाने घेतला जातो आणि त्याचे मूळ दुसऱ्याच स्तरावर असते. हे स्तर वेगळे करता आले, तर कोणता आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे आणि कोणता केवळ सवयीचा आहे, हे ठरविता येते.

४.२ पहिला स्तर : नाद

ज्या वाद्याशिवाय आज भजनाची कल्पनाही करवत नाही, त्या पेटीचे उदाहरण घेऊ. हार्मोनियम हे वाद्य मूळचे युरोपातले. एकोणिसाव्या शतकात ते भारतात आले आणि एका हाताने भाता चालवून दुसऱ्या हाताने वाजविता येईल असे त्याचे रूप येथे घडले. कीर्तन, भजन, तमाशा आणि संगीत नाटक या सर्वांनी ते आपलेसे केले. मराठी रंगभूमीने गोविंदराव टेंबे यांच्यासारखे थोर हार्मोनियमवादक पाहिले. असे असूनही १९४० मध्ये आकाशवाणीने या वाद्याला आपली दारे बंद केली. कारण सांगितले गेले ते नादाचे. पेटीचे स्वर ठरावीक आणि स्थिर असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणारी मींड तिच्यावर घेता येत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेदही दाखविता येत नाहीत. हा आक्षेप तांत्रिक दृष्ट्या खोटा नव्हता. परंतु त्याला एक दुसरी बाजूही होती, ती म्हणजे हे वाद्य परके आहे ही भावना. बंदी सुमारे तीन दशकांनी, सत्तरच्या दशकाच्या आरंभी, शिथिल झाली. मधल्या काळात पेटीच्या रचनेत असा काही बदल झाला नव्हता की मींड निघू लागावी. वाद्य तेच राहिले. ऐकणाऱ्यांची भूमिका बदलली.

दुसरे उदाहरण चित्रपटगीतांचे. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असताना, १९५२ मध्ये, आकाशवाणीवरील हिंदी चित्रपटगीतांना कात्री लागली. श्रोत्यांची अभिरुची शास्त्रीय संगीताकडे वळावी, हा हेतू होता. श्रोते मात्र रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि ज्या गीतांना दूर ठेवले होते त्यांनाच सन्मानाने बोलवावे लागले.

तिसरे उदाहरण हलगीचे. हलगीचा कडकडाट गावात सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याला अपरिचित म्हणता येणार नाही. तरीही तो सभागृहातील मैफलीत ऐकू आला की काहींना अवघडल्यासारखे होते. याचे कारण तिच्या आवाजात शोधून सापडत नाही. कातड्याचे हे वाद्य कोणत्या जातींच्या हाती होते आणि दवंडी, मिरवणूक, अंत्ययात्रा अशा कोणत्या प्रसंगी ते वाजत असे, या सामाजिक स्मृतीत ते आहे. तबल्यावरही कातडेच असते, ही गोष्ट अशा वेळी लक्षात घेतली जात नाही.

या तिन्ही उदाहरणांवरून असे दिसते की, नाद ‘विचित्र’ वाटणे ही ऐकणाऱ्याच्या सवयीची आणि त्याच्या सामाजिक स्थानाची खूण असते. सवय बदलते, तसा निर्णयही बदलतो.

४.३ दुसरा स्तर : बोली

आता भाषेच्या ध्वनींकडे वळू. मराठी लिपीत ‘च’ हे एकच अक्षर आहे. उच्चार मात्र दोन आहेत. ‘चार’ या संख्यावाचक शब्दातील ‘च’ तालव्य आहे, तर ‘गुरांना चार’ या आज्ञार्थातील ‘च’ दंततालव्य आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहिताना सारखे दिसतात. उच्चारताना वेगळे होतात. लेखनात लपलेला हा भेद गीतात उघड होतो. गीत कानाने जुळविले जाते. म्हणून कागदावर जुळणारे यमक कानाला विसंगत वाटू शकते आणि कागदावर न जुळणारे कानाला अचूक वाटू शकते.

२०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचे ‘तांबडी चामडी’ हे हाउस प्रकारातील मराठी गीत देशाबाहेरही ऐकले गेले. त्याचे शीर्षकच उच्चारून पाहा. दोन्ही शब्दांतील मूर्धन्य ‘ड’ आणि ‘चामडी’तील दंततालव्य ‘च’ यांमुळे शब्द जणू तालवाद्यासारखे वाजतात. ज्यांना मराठीचा गंध नाही, तेही त्या गीतावर नाचले. अर्थ न कळताही ध्वनी पोहोचला. आपल्या भाषेतले जे ध्वनी ‘रांगडे’ म्हणून काहीशा संकोचाने पाहिले जातात, त्यांचाच येथे आकर्षण म्हणून उपयोग झाला.

या संकोचाचे शास्त्रीय परीक्षण करणे आवश्यक आहे. ‘पाणी’ या शब्दाचा ‘पानी’ असा उच्चार मराठीत ग्रामीण किंवा अशिष्ट समजला जातो. नागपूरच्या रेल्वे स्थानकावर एखादा मनुष्य हिंदीत ‘पानी’ म्हणतो, तेव्हा तो शिष्ट भाषा बोलत असतो. तोच मनुष्य पुढच्या वाक्यात मराठीत ‘पानी’ म्हणाला, तर तो अशुद्ध ठरतो. ध्वनी एकच, तोंड एकच, स्थानकही एकच. निर्णय मात्र उलट. ‘न’ या ध्वनीत कमीपणा असता, तर तो दोन्ही वाक्यांत दिसला असता. म्हणून ध्वनीची प्रतिष्ठा ही त्याच्या अंगभूत गुणावर अवलंबून नसते. तो कोणत्या समाजगटाच्या बोलण्याची खूण मानला जातो, यावर अवलंबून असते.

वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो आणि ‘काळा’ हा ‘काया’. हा बदल नियमित आहे. म्हणजेच तो चूक नसून त्या बोलीचा नियम आहे. अनेक वर्षे मराठी नाटक-चित्रपटांत अशा उच्चारांना मुख्यतः विनोदी पात्रांच्या तोंडी स्थान मिळाले. आजच्या स्वतंत्र गीतांत बोली विनोदासाठी येत नाही. ‘मी’ म्हणून बोलणारा माणूस तीत बोलतो. या बदलाचे महत्त्व मोठे आहे. पात्राची बोली ऐकून प्रेक्षक हसतो. निवेदकाची बोली ऐकताना त्याला तिचे म्हणणे ऐकावे लागते.

येथे थोडे थांबा. आमच्या संपर्क सत्रांत दरवर्षी काही विद्यार्थी बोलण्याआधीच सांगतात, ‘सर, माझी भाषा अशुद्ध आहे.’ शेती, नोकरी, घरसंसार सांभाळून पदवीसाठी बसलेल्या प्रौढ माणसाने आपल्या आईकडून मिळालेल्या भाषेबद्दल क्षमा मागावी, ही गोष्ट गंभीर आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणभाषा लिहावी. तिचा उपयोग आहे आणि ती शिकता येते. परंतु उपयुक्तता आणि श्रेष्ठता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

*स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १ :* तुमच्या बोलीतील असे दोन ध्वनी किंवा उच्चार नोंदवा, जे शहरात बोलताना तुम्ही बदलता. ते कोणासमोर बदलता आणि कोणासमोर बदलत नाही?

४.४ तिसरा स्तर : अर्थ

गीत खऱ्या अर्थाने वादग्रस्त होते ते या स्तरावर. मराठीत याची परंपरा जुनी आहे. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाचा परिचित साचा घेऊन त्यांनी कामगार आणि शेतकऱ्यांचे प्रश्न मांडले. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, ती अश्लीलतेच्या कारणावरून. नंतर संहिता तपासून घेण्याच्या अटीवर खेळांना परवानगी मिळू लागली. लाल बावट्याच्या प्रयोगांनाही सरकारी बंदीला तोंड द्यावे लागले. तेथे मात्र शृंगार हा प्रश्न नव्हता. म्हणून ‘तमाशावरील बंदी’ असे एकच नाव देऊन या दोन गोष्टी एकत्र करू नयेत. एकीत आक्षेप शिष्टाचाराचा होता, तर दुसरीत राजकीय विचाराचा.

आता अलीकडचे उदाहरण पाहू. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन तरुण रॅप गायकांविरुद्ध त्यांच्या राजकीय आशयाच्या मराठी गीतांवरून गुन्हे नोंदविले गेले. मुंगासे यांच्या गीतात कोणत्याही नेत्याचे अथवा पक्षाचे नाव नव्हते. तरीही ते कोणाविषयी आहे हे ऐकणाऱ्यांना कळले, आणि ज्यांनी तक्रार केली त्यांनाही कळले. हे कसे घडते? भारतीय साहित्यशास्त्रातील शब्दशक्तींचा विचार येथे उपयोगी पडतो. ‘खोके’ या शब्दाची अभिधा म्हणजे वस्तू ठेवण्याची पेटी. मुंबईच्या व्यवहारी बोलीत ‘पेटी’ म्हणजे एक लाख आणि ‘खोका’ म्हणजे एक कोटी रुपये. ही रूढ लक्षणा झाली. २०२२ मधील सत्तांतरानंतर विरोधकांनी या शब्दाची घोषणा केली आणि एका विशिष्ट राजकीय आरोपाचे सूचन त्याला चिकटले, ही व्यंजना. व्यंग्यार्थ शब्दात लिहिलेला नसतो. तो वक्ता, श्रोता आणि संदर्भ यांच्यामध्ये निर्माण होतो. म्हणूनच त्याचा पुरावा देणे अवघड असते आणि तो नाकारणेही अवघड असते. वादग्रस्त गीताचा कायद्याशी संबंध येतो तेव्हा मूळ अडचण हीच असते.

या अडचणीचा दुसरा भाग परिणामाचा आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बोलण्याच्या क्रियेचे तीन पदर सांगितले आहेत : आपण काय उच्चारले, ते उच्चारून काय केले (वचन दिले, इशारा दिला, निषेध केला) आणि त्यामुळे ऐकणाऱ्यावर काय परिणाम झाला. पहिले दोन पदर बोलणाऱ्याच्या हाती असतात. तिसरा पूर्णपणे त्याच्या हाती नसतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटाचे कथानक याच फटीत उभे आहे. गीत ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून एका वृद्ध लोकशाहिराला अटक होते. संपूर्ण खटला उच्चार आणि परिणाम यांमधील अंतर पुसून टाकण्याचा प्रयत्न करतो. प्रेक्षकाला ते अंतर सतत दिसत राहते.

मग परिणाम कोणाच्या कानाने मोजावा? स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी याला एक उत्तर दिले होते. शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर आणि धैर्यशील माणसांच्या मापाने पाहावा. दुबळ्या, डळमळीत आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या मनांच्या मापाने नव्हे, असा त्याचा आशय आहे. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरून गुजरातमध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्ध नोंदविलेला गुन्हा रद्द केला, तेव्हा याच मापाचा आधार घेतला. भाषाभ्यासाच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची सूचना आहे. अर्थ ठरविताना ‘कोणता श्रोता?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

४.५ स्वतंत्र संगीत : दार कोठे गेले?

‘स्वतंत्र’ हा शब्द येथे निर्मितीच्या पद्धतीविषयी आहे. पूर्वी गीत श्रोत्यापर्यंत पोहोचण्याआधी काही दारे ओलांडावी लागत : आकाशवाणीची स्वरचाचणी, ध्वनिमुद्रण कंपनीची पसंती, रंगमंचासाठी संहितेचे परिनिरीक्षण. या दारांच्या बाहेर राहूनही गाणी जगली, हे विसरता कामा नये. वामनदादा कर्डक यांना अक्षरओळख झाली ती प्रौढ वयात. तरीही त्यांची गीते गावोगाव पोहोचली. आंबेडकरी गायनाने आधी जलसे, मग गीतांच्या छोट्या पुस्तिका आणि पुढे कॅसेट असा स्वतःचा मार्ग काढला. आजच्या स्वतंत्र गायकाचे काम या परंपरेशी जुळणारे आहे.

जुळणे म्हणजे वंशज असणे नव्हे, हेही ध्यानात ठेवा. रॅपचा उगम न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सत्तरच्या दशकात, तेथील कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित तरुणांमध्ये झाला. पोवाडा डफ-तुणतुण्यावर, झीलकऱ्यांच्या साथीने घडला. दोहोंत द्रुत लयीतील कथन आहे आणि रचनेत स्वतःचे नाव गुंफण्याची रीत आहे. या साम्यामुळे रॅप मराठीत लवकर रुजण्यास मदत झाली असावी. पण एकाचा जन्म दुसऱ्यातून झाला, असे म्हणता येत नाही. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत केले. त्यात आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा सहभाग होता. जंगलाचा प्रश्न त्या जंगलात राहणाऱ्याच्या आवाजात ऐकू आला, हे या पद्धतीचे बळ.

परंतु दारे नाहीशी झाली, असे समजू नये. ती जागा बदलून बसली आहेत. पूर्वी तपासणी गीत प्रसिद्ध होण्याआधी होई. आता गीत आधी प्रसिद्ध होते आणि तक्रार, गुन्हा किंवा गीत काढून टाकण्याची मागणी मागाहून येते. पूर्वी नकार मिळाला तर गीत वहीत राहत असे आणि गायक घरी असे. आता गीत लाखोंपर्यंत पोहोचते आणि गायक पोलीस ठाण्यात एकटा उभा असतो. त्याच्यामागे कंपनी नसते, वकील नसतो. स्वातंत्र्याची ही किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते. शिवाय वितरणासाठी बहुतेकांना मोठ्या परदेशी व्यासपीठांवरच अवलंबून राहावे लागते. ‘तांबडी चामडी’ हे गीतही स्पिनिन रेकॉर्ड्‌स या नेदरलँड्‌समधील नामांकित कंपनीमार्फत जगापुढे आले.

४.६ आक्षेपांचे मूल्यमापन

या विवेचनावरून सर्व आक्षेप निराधार असतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्वतंत्र गीतांत स्त्रियांना वस्तू लेखणारी, शिवीलाच शौर्य समजणारी, स्वजातीच्या गौरवासाठी इतरांना धमकावणारी गीतेही आहेत. बोलीत आहे म्हणून गीत आपोआप प्रामाणिक ठरत नाही आणि विद्रोहाचा सूर आहे म्हणून न्याय्य ठरत नाही. अशा गीतावर आक्षेप अवश्य घ्यावा. मात्र तो अर्थाच्या स्तरावर, नेमके शब्द दाखवून घ्यावा. ‘कर्कश आहे’, ‘गावठी आहे’ असे म्हणून त्याला नाकारले, तर खरा दोष झाकलाच जातो आणि निर्दोष बोलीला मात्र शिक्षा होते. तसेच, आक्षेप घेणे आणि बंदी मागणे यांत अंतर आहे. पहिली वाचकाची क्रिया आहे, दुसरी सत्तेची.

सारांश

गीत खटकते तेव्हा नाद, बोली आणि अर्थ हे तीन स्तर वेगळे करून पाहावेत. नादाविषयीचा निर्णय बहुधा सवयीचा असतो. पेटीचे उदाहरण हेच सांगते. बोलीविषयीचा निर्णय बहुधा सामाजिक प्रतिष्ठेचा असतो. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांवरून ते दिसते. अर्थाविषयीचा निर्णय घ्यावाच लागतो. परंतु तो घेताना शब्दशक्ती, संदर्भ आणि विवेकी श्रोता यांचा विचार अनिवार्य आहे. स्वतंत्र संगीतामुळे गीत अधिक लवकर पोहोचते; त्याचबरोबर गायकाची जोखीमही वाढते.

स्वाध्याय

१. ‘ध्वनीची प्रतिष्ठा ध्वनीत नसते’ हे विधान दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. अभिधा, लक्षणा व व्यंजना यांच्या आधारे तुमच्या परिसरातील एखाद्या गीताचे किंवा घोषणेचे विश्लेषण करा.
३. प्रसिद्धीपूर्व तपासणी आणि प्रसिद्धीनंतरची तक्रार या दोन पद्धतींतील भेद सांगा.

क्षेत्रीय कार्य

तुम्हांला न आवडलेले एक मराठी गीत निवडा. ते तीन वेळा ऐका. पहिल्या वेळी केवळ नादाकडे, दुसऱ्या वेळी उच्चारांकडे आणि तिसऱ्या वेळी अर्थाकडे लक्ष द्या. प्रत्येक वेळी काय खटकले ते एका वाक्यात लिहा. नंतर घरातील वयाने सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान व्यक्तीला तेच गीत ऐकवून त्यांची मते नोंदवा. तुमच्या तीन वाक्यांपैकी किती वाक्ये अजूनही तशीच ठेवाविशी वाटतात, ते शेवटी लिहा. गीत पुढेही आवडले नाही, तरी हरकत नाही. ते का आवडत नाही, हे नेमके सांगता आले, म्हणजे हा घटक तुम्हांला समजला.